मटारचं वजन

रबाळ्याच्या औषध कंपनीत एकतीस वर्षं
मी पावडरींची वजनं लिहिली.
आता सकाळी सातला, ऐरोलीत,
स्वयंपाकघरातल्या काट्यावर
श्रीखंडाचा रिकामा डबा ठेवतो,
काटा शून्यावर आणतो
आणि डब्यात मटारला बसवतो.

एकतीस ग्रॅम.
दिवाळीत छत्तीस होता.

पाच ग्रॅम म्हणजे चमचाभर साखर,
पण छत्तिसातून पाच गेले
की पाखरू बापाचा शर्ट घातलेल्या
पोरासारखं दिसायला लागतं.
हिरवा रंग विटलाय. शेपटीचं एक पीस
मधेच मोडून तसंच लोंबतंय.
बुडाशी शीट चिकटते, ती मी
कोमट पाण्याच्या बोळ्याने पुसतो.
तो चावतो. चावला की बरं वाटतं.

बिस्वास बदलीवर गेले तेव्हा
"एक हप्ता रखिए" म्हणून ठेवून गेले होते.
सहा वर्षं झाली त्या हप्त्याला.
शालन तेव्हापासून म्हणते,
पिंजरा नव्हे, पसारा आहे.
राळ्याची टरफलं फ्रीजखाली,
टरफलं देवघरात,
एकदा तर वरणात.

लिफ्टमधली बाई बोलते ना,
कृपया दरवाजा बंद करा,
ते तो हुबेहूब म्हणायचा.
पाहुणे उठून दार बघून यायचे.
नोव्हेंबरपासून म्हणालेला नाही.

ठाण्याला नेला रिक्षाने.
विटाव्याच्या पुलाखाली चाळीस मिनिटं अडकलो.
प्रत्येक हॉर्नला
पिंजऱ्यावरच्या टॉवेलमधून
माझ्या तळहाताला एक धडक.
डॉक्टर पिंगुळकरांनी मुठीत धरला,
छातीचं हाड अंगठ्याने चाचपलं,
म्हणाले, नाकाडाचा निळा रंग तपकिरी झालाय,
आत गाठ असणार. वय किती?
पिसं आता सुधारायची नाहीत.

घरी येऊन सांगितलं तर शालन म्हणाली,
"नसू देत. कुठे लग्नाला जायचंय त्याला?"
आणि भाजी चिरत राहिली.

चाळीसचा दिवा लावतो रात्री, ऊब म्हणून.
दांडी खाली आणली, जवळजवळ तळाशी.
दिवाळ्याच्या कोळणीने माकुळाचं हाड दिलं,
पैसे घेतले नाहीत,
"पाखराला ना? ने."
चोच घासत नाही, नुसता टेकून बसतो त्याला
उशीला टेकावं तसा.

डोक्यावरचं नवं पीस
मेणाच्या पुंगळीत येतं, काट्यासारखं.
ते पाखराला स्वतःचं स्वतः सोलता येत नाही.
जोडीदार लागतो.
हे मला माहीत नव्हतं.
मी समजत होतो, आजाराने काटे फुटलेत.

जानेवारीत गुहागरला जावं लागलं,
जमिनीची तारीख होती. दोन दिवस.
परत आलो तेव्हा खिडकीपाशी शालन,
डाव्या मुठीत मटार, चष्मा नाकावर,
लेकीच्या डोक्यातल्या लिखा काढायची
त्या नखाने एकेक पुंगळी चुरत होती.
त्याने डोळे मिटले होते. मान पुढे.
मला पाहून म्हणाली, "गिधाड दिसत होता नुसता."

वही उघडली.
तिच्या अक्षरात दोन ओळी.
*सोमवार ३१. खाल्लं.*
*मंगळवार ३१. पुष्कळ खाल्लं.*

बुधवारी सकाळी मी डबा ठेवला,
शून्य केला, मटारला बसवला.
अठ्ठावीस.
पुन्हा ठेवला. अठ्ठावीस.

एका रात्रीत तीन ग्रॅम जात नाहीत.
एवढं मला कळतं, एवढंच मला कळतं.

कंपनीत चुकीचा आकडा खोडायची पद्धत होती,
त्यावर एकच आडवी रेघ,
शेजारी सही, तारीख.
गिरवायचं नाही, लपवायचं नाही.

बुधवारचे अठ्ठावीस लिहिले.
वरच्या दोन ओळींवर
पेन थोडा वेळ धरून ठेवलं,
मग टोपण लावलं.

आत ती कुकर लावत होती.
"किती भरला?" तिने विचारलं.
म्हटलं, तू लिहिलंयस तेवढाच.