पोकळी

वाघोलीच्या खाणीत सुरुंग उडाला.
धूळ बसेपर्यंत
यल्लप्पा खिशात काडेपेटी चाचपत राहिला.

मग दिसलं, काळ्या फत्तरात
डोकं मावेल एवढं भोक.
हात घातला, कोपरापर्यंत.
गार. ओलसर. दातच दात.

बॅटरी मारली तर
हिरवी गार, तिच्याखाली मोतिया, गुलाबी,
पहिल्यांदाच कुणाला तरी दिसत होती.

लाव्हा निवताना अडकलेला बुडबुडा,
असं कॉलेजची पोरं सांगून गेलेली.
म्हणजे आधी नुसती हवा.
मग पाणी झिरपत राहिलं,
कुणाला काही घाई नव्हती.

व्यापारी संध्याकाळी येतो,
कापूस आणि खोकी घेऊन.
तोवर यल्लप्पानं
भोकावर मुंडासं टाकलं.
"ऊन लागंल," म्हणाला,
आणि उघड्या डोक्यानं
क्रशरकडं गेला.