टंच

विट्यात रेघ म्हटलं की आधी सोनं आठवतं.
काळ्या कसोटीवर घासायचं, वर तेजाबाचा थेंब,
पुसली गेली तर पितळ,
राहिली तर घरात लग्न.

माझ्या टेबलावरची कसोटी पांढऱ्या प्लास्टिकची.
बोटाएवढी खिडकी, कडेला तीन अक्षरं:
सी, जी, एम.

स्वरांजली सोमनाथ निकम. वय आठ महिने.
तापाचा तिसरा दिवस.
एवढ्याशा हाताला शीर नसतेच,
वळ्या असतात, पावडरीचा वास,
मनगटात काळा मणी.
दुसऱ्या टोचणीला ती रडली नाही
तेव्हा मी घाबरले.

बारा वीस. एक थेंब सीरम, तीन थेंब बफर.
आता वीस मिनिटं.
आधी वाचलं तर घाई, नंतर वाचलं तर खोटं.
एनएस-वनचं किट परवाच संपलंय,
सांगलीहून तीनच्या एसटीनं येईल,
तोवर एवढंच.

फोन स्पीकरवर. सेलमहून बाप,
मागं भट्टीचा घरघराट.
"म्याडम, रेघ आली का?"

सी आली. ती येतेच,
ती फक्त सांगते की किट जागं आहे.
एमच्या जागी कोरं.
आणि जीपाशी,
दारातल्या उजेडात तिरपं धरलं तेव्हा,
धुऊन धुऊन विटलेल्या काठासारखं
काहीतरी.

आठ महिन्यांच्या पोरीला जुना डेंगू कुठला?
मी आईकडं बघितलं.
"तुम्हाला झालता कधी?"
"न्हाई हो."
मग पिशवीचा बंद पिळत, पिळत,
"सातव्या महिन्यात ताप आलता. तिकडंच.
डोळ्यांमागं ठणका, अंगभर पुरळ.
ह्यास्नी म्हटलं, गरमीनं आलंय.
गावी धाडलं असतं मला.
भट्टीवरच्या चार माणसांचा सैपाक कुणी केला असता?"

फोन गप्प. भट्टी तेवढी चालू.

म्हणजे न सांगितलेला तो ताप
नाळेतून खाली उतरला होता
आणि आज माझ्या खिडकीत येऊन
सांगत होता.

पुस्तकात याच्या पुढचंही वाक्य आहे:
आईचं हे देणं आधी राखण करतं,
मग विरत जातं, आणि विरता विरता
कधी कधी चोरालाच दार उघडून देतं.
ते मी बोलले नाही.
रिपोर्टात त्याला रकाना नाही.

रकान्यात लिहिलं: एम निगेटिव्ह, जी अंधुक.
"निगेटिव्ह म्हणजे न्हाई ना?" फोननं विचारलं.
म्हटलं, सोमनाथराव, तुमचं तेजाब लगेच बोलतं.
रक्ताला शब्द जुळवायला पाच-सहा दिवस लागतात.
आज ते गप्प आहे, एवढंच कळलं.
धीर द्यायचा म्हणून हेही सांगितलं
की किटातली ही रेघ सोन्याच्याच कणांची,
फक्त इतके बारीक
की पिवळेपण उरत नाही, तांबूस दिसतात.

तो हसला नाही.
"किती टंच?" म्हणाला.

मला उत्तर आलं नाही.
डॉक्टरबाईंनी कागद बघून दाखल करून घेतलं.
तीनची एसटी साडेचारला आली,
खोक्यात किट निघालं टायफॉइडचं.

शनिवारी, सहाव्या दिवशी, पुन्हा गेले वॉर्डात.
प्लेटलेट चौऱ्याऐंशी हजार. पोट जरा फुगलेलं,
पण लघवी होतेय, दूध ओढतेय.
कोपऱ्यात एक माणूस चप्पल हातात धरून उभा,
नखांत काजळी. ओळख विचारली नाही.
सुई लावली आणि ती इतकी किंचाळली
की बाहेरचा चहावाला आत डोकावला.

बाराव्या मिनिटाला एमशी रेघ.
ठसठशीत. तिची स्वतःची, पहिली.
शेजारी आईची, तशीच विटकी.

वीस मिनिटांनी वाचलं, लिहिलं, सही केली.
किट पिवळ्या डब्यात टाकायचं होतं.
मी आणखी थोडा वेळ बघत बसले.
एवढ्या उशिरा वाचायचं नसतं.