रेघेच्या वर दीड वीत

वृषाली, किल्ली मिळाली म्हणून पेढे वाटलेस,
बरं केलंस.
आता महिनाभर काही तोडू नकोस.
नुसती राहा.
दुपारचं ऊन कुठल्या भिंतीवर येतं बघ,
रात्री कुठला नळ ठिबकतो,
शेजारचं सांडपाणी कुणाच्या पायरीशी येऊन थांबतं.
घर आपलं दुखणं पाहुण्याला सांगत नाही.

सांगलीवाडीत, पुलापलीकडं, एवढ्या स्वस्तात मिळालं
तर स्वस्त का, ते भिंतीला विचार.
रंगाखाली एक मळकट रेघ असेल, आडवी,
कुठल्याही मिस्त्रीच्या पाणसळीपेक्षा सरळ.
पाण्यानंच आखलेली.
तिच्या वर दीड वीत सोडून बटणं घे.
सगळी.
वायरमन म्हणेल, वहिनी, बघायला बरं नाही दिसत.
म्हणावं, पोहायला बरं पडतं.

पैशाचं सांगते.
आडतीत हळदीची पोती मांडण्यात माझी एकवीस वर्षं गेली,
एवढंच कळलं,
की पोतं जड लागलं तर आधी ओल बघायची.
घराचंही तेच.
गच्चीची भेग, बाथरूमचा कोपरा, मोरीचा उतार:
जिथं पाहुणा डोकावत नाही
तिथं पैसे घाल.
सासूबाई म्हणतील देवघर आधी,
जाऊबाई म्हणतील ओटा काळ्या ग्रॅनाइटचाच.
दोघींना हो म्हण,
आणि जिना चढून गच्चीवर जा.

दस्तगीर मिस्त्री चांगला माणूस आहे.
चांगल्या माणसालाही सगळे आधी देऊ नयेत.
भिंत उभी राहिली की तेवढे, गिलावा झाला की तेवढे,
आणि शेवटचे पाच हजार
मोरीत बादलीभर पाणी ओतून
ते जाळीकडं जाताना दोघांनी बघितल्यावर.
चहा मात्र दोन वेळा, वेळेवर, साखर घालून.
चहात वाचवलेलं गिलाव्यात जातं.

वही ठेव. डाव्या पानावर अंदाज, उजव्या पानावर खरं.
माझ्या वहीत मधलं अंतर छत्तीस हजारांचं होतं.
म्हणून दहातले दोन बाजूला काढ
आणि कुठं ठेवलेस ते ह्यांनाही सांगू नकोस,
म्हणजे तुझ्या ह्यांना.

दार नवं घेऊ नकोस.
पाडलेल्या घरांच्या सामानात सागवानी मिळतं,
प्लायच्या निम्म्यात.
नखानं टोचून बघ, भुसा गळला तर पुढं चल.
नाही गळला तर बाहुबली मगदूमला बोलाव,
तो रंधा मारतो आणि बडबडतो,
दोन्ही त्याच दरात.

मी काय केलं, सांगू?
हॉलला पीओपी.
चार कोपऱ्यांत चार कमळं, मधे निळा दिवा.
वास्तुशांतीला सगळ्यांनी माना वर केल्या,
मी त्या माना बघत उभी.
दिवाळीपर्यंत एक कमळ पिवळं पडलं,
तव्याएवढं, मग परातीएवढं.
वरची टाकी पहिल्या दिवसापासून गळत होती.
दोन पाटल्या गेल्या त्या कमळात.
अजून कुणी आलं की
मी त्याला बरोबर त्याच कोपऱ्याखाली बसवते.
तिथून दिसत नाही.

रंग शेवटी. एक पावसाळा जाऊ दे,
नुसता चुना मारून काढ.
लोक विचारतील, काम अर्धवट का?
त्यांना सांग, भिंत वाळतेय.
आणि ती रेघ सगळी पुसू नकोस,
मीटरजवळ बोटभर राहू दे,
पुढच्या वायरमनशी वाद घालायला.

बरं, माझ्या स्वयंपाकघराच्या अकरा फरशा उरल्यात,
जिन्याखाली, पोत्यात.
रंग जुना आहे, एकीचा टवका गेलाय.
तुझ्या मोरीला नऊ लागतील.
परवा तू पर्समधे किल्ली शोधत होतीस ना,
तेव्हा खिडकीतून मोजली मी.
रविवारी रिक्षा घेऊन ये.
दोन जास्तीच्या जपून ठेव.
फुटतात.