पिवळा बिल्ला

सकाळी साडेनऊला फोन येतो.
तिथं पहाटेचे चार.
धैर्यशील गमबूट चढवत असतो,
मी डेअरीवरून रिकामी किटली घेऊन आलेली,
पावती पदराच्या गाठीत:
फॅट सहा पॉइंट आठ.
मोजमाप आमच्यासमोर, दर त्यांच्या मनात.

"काय करतोस रं?"
"धारा काढायला निघालोय, आई."

बी.एस्सी. अ‍ॅग्री केली, पासपोर्ट काढला,
विमानात बसून वेल्सला गेला
आणि धारा काढतोय.
आमणापुरात कुणी विचारलं तर मी
'डेअरी मॅनेजमेंट' म्हणते.
जाऊबाई तोंडाला पदर लावते.

एकशे ऐंशी गायी. नावं नाहीत,
कानात पिवळा बिल्ला.
तसला आमच्या चंद्रीच्याही कानात आहे, बारा आकडी,
कान हलवला की माशीबरोबर तोही हलतो.
एकीला मात्र नाव होतं तिथं, मेगन.
मालकाच्या बायकोनं ठेवलेलं, आजारी पडायच्या आधी.

मालक ग्लिन. एकाहत्तर वर्षांचा.
पोरगी बँकेत, पोरगा ऑस्ट्रेलियात,
रात्री टेबलावर चष्मा लावून फॉर्म भरत बसतो.
बांधावरचं झुडूप तोडायचं तरी तारीख बघावी लागते.
एकदा त्यानं विचारलं, तुमच्याकडं दुधाला काय देतात?
धैर्यशीलनं हिशोब करून सांगितला.
म्हातारा म्हणे इतका हसला
की खोकला लागला.

मग तो मंगळवार.
डॉक्टर आला, एकेकीच्या मानेवर दोन-दोन टोचे देऊन गेला.
शुक्रवारी परत आला, गाठी मोजल्या.
टीबी. अकरा गायी.
दिसायला धडधाकट, कासा भरलेल्या.
ट्रक आला तेव्हा ग्लिन फळीजवळ उभा राहून
बिल्ले वाचत होता मोठ्यानं.
नववी मेगन होती. तिचाही नंबरच वाचला.
नंतर दोन तास पाइप घेऊन फरशी धुतली,
स्वच्छ झालेली फरशी.

मला लंपीचं साल आठवलं.
चंद्रीची जोडीदारीण गाय, कपिली,
मीठ घालून मळीत पुरली
आणि यांनी आठ दिवस
तिच्या दाव्याची गाठ सोडली नाही.

मी म्हणलं, "त्या माणसाला खायला घाल काहीतरी."
"उप्पीट केलं आई. मुकाट्यानं खाल्लं.
मग म्हणाला, तुझ्या आईच्या म्हशीचा फोटो दाखव."

नदीवर नेऊन चंद्रीला घासली,
शिंगांना तेल लावलं,
पुतण्याला म्हणलं, बिल्ला दिसला पाहिजे.
फोटो गेला.
ग्लिननं आकडा पहिला वाचला, सवयीनं.
मग नाव विचारलं.
चार वेळा म्हणून बघितलं म्हणे,
'च' काही जमला नाही.

आज फोनवर धैर्यशील जरा थांबला.
मागं यंत्राची घरघर,
गायींच्या खुरांचा आवाज.
"आई, ग्लिन विचारतोय...
अजून पाच वर्षं राहतोस का.
पुढं बघणारं कुणी नाही त्याला."

मी किटली विसळायला घेतली,
नळ पूर्ण सोडला.
"ऐकू येईना रं. रेंज नाही."

रेंज होती.
गोठ्यातनं चंद्रीनं हंबरून सांगितलं
की वैरण संपलीय.
हे तिथंही ऐकू गेलं असणार.