हिरवं उपटताना

ब्लायनायला पाऊस पडतो म्हणणं चूक.
पाऊस तिथे राहतो,
मधूनच दोन दिवस परगावी जातो.

अशा गावात एमरिसने
दारापासून फाटकापर्यंतच्या फरशीच्या फटींत
सोनेरी पानांचा सरपटणारा थाइम लावला, तेव्हा
शेजारचा गेरेन्ट कुंपणावरून म्हणाला,
"बुडून मरेल."

एमरिसने चाळीस वर्षं खाणीत
पाटीचा काळा दगड चिरला होता.
कुठे टाचणी लावली की दगड उघडतो
आणि पाणी कुठून वाट काढतं,
दोन्ही त्याच्या हातांना ठाऊक.
त्याने फटींतली सुपीक माती उकरून फेकली,
खाणीचाच टोकदार चुरा भरला.
खत नाही, चिमूटभरसुद्धा नाही.
"लाडावलं की लोळतं," म्हणाला, "लोळलं की सडतं."
बोटभर रोपं, वीतवीत अंतर,
एकूण एकवीस.

पहिल्या हिवाळ्यात सात गेली.
गेरेन्टने मोजली.

नेस्टा, त्याची बहीण,
तिला आता उजेड आहे की नाही एवढंच दिसतं,
तेही दुपारपर्यंत.
ती दारातून अनवाणी निघते.
टाचेखाली वास फुटतो,
आधी लिंबाच्या सालीचा, मागून ओव्याचा,
आणि वास संपला की हात पुढे करायचा:
फाटक.

तिसऱ्या उन्हाळ्यात
सोन्यात हिरवं उगवलं.
कुणी आजारी नव्हतं. झाड
मूळपदावर येत होतं, इतकंच.
एमरिस गुडघ्यांखाली पोतं घेऊन बसतो,
एकेक हिरवी काडी
पार बुडापर्यंत शोधत जातो.
एक राहिली तरी दोन वर्षांत
सगळी वाट तिच्या नावावर.

"काय उपटतोस एवढं?"
"हिरवं."
"का?"

जांभळ्या फुलांवर मधमाश्या होत्या,
त्यांना रंगाचं काही नव्हतं.
पिवळं कुणासाठी, हे
त्याने स्वतःलाही विचारलं नव्हतं.

"आण इकडे," ती म्हणाली. "रश्शात घालते."
रात्री मटण, कांद्याची पात, बटाटे,
आणि मूठभर हिरवा गुन्हेगार.
"कसं झालंय?"
"मटणासारखं."

सप्टेंबरात त्याचे गुडघे धरले.
सातव्या फरशीपाशी वीतभर हिरवं
त्याने तसंच सोडलं. बोलला नाही.
बोलायचं कशाला, दिसणार कुणाला?

नेस्टा फाटकापासून परत येताना थांबली.
डावी टाच दाबली. पुन्हा दाबली.
"इथे पाय बुडतोय.
तुझं हिरवं माजलंय इथे."

मग ओल्या दगडावर ती खाली बसली,
पासष्ट वर्षांची, स्कर्टसकट.
"सांग कुठली."
"उजवीकडे. अजून जरा. हां, ती."
तिने ओढली.
हिरव्यासोबत दोन सोनेरी काड्याही आल्या.

एमरिसने पाहिलं.
"बरोबर?" तिने विचारलं.
"बरोबर," तो म्हणाला,
आणि तिन्ही काड्या कोटाच्या खिशात टाकल्या.