विरळणी

सगुणने लिस्बनहून खोकं पाठवलं.
चॉकलेटं, दोन जोड मोजे (गोव्यात!),
आणि तळाशी बियांचं एक पाकीट.
त्यावर देठ लाल, पिवळे, एक पांढराफेक,
नरकासुर रंगवून उरलेले डबे कुणी ओतावेत तसे.
शेजारच्या पिएदादबायने गडग्यापलीकडून चष्मा चढवून
एकेक अक्षर जोडत वाचलं: "आसेल्गा."
शाळेत शिकलेला शब्द, म्हणाली,
खाल्ला मात्र कधी नाही.

बी कसलं, वाळकी खपली.
रात्रभर वाटीत भिजवलं.
नार्व्यातली आमची जांभ्याची माती चाळून घेतली,
कुजकं शेण, चुलीची राख,
बांगडे धुतल्याचं पाणी, तेही मांजर झोपल्यावर.
पेरभर खोल. वीतभर अंतर.

आठव्या दिवशी एका जागी तीन कोंब.
वाटलं, हातून जास्त पडलं.
पुढच्या खळग्यातही तीन.
मग कळलं, हे बी एकटं नसतंच,
एका सालीत घोळका घेऊन येतं.
सगळे ठेवले तर कुणीच धड वाढत नाही.
एक ठेवायचा.

आम्हीही तिघे, एका खोलीत.
थोरला मस्कतला, सगुण तिकडे.
मी ठेवलेला की उरलेला,
हे आईने कधी सांगितलं नाही.

उपटलेली रोपं मुठीत गार लागली.
गडग्यावरून पलीकडे भिरकावली.

मग रोजचंच. सकाळी दोन कळशा, मुळाशी.
रात्री बॅटरी घेऊन गोगलगायी वेचायच्या.
पानात नागमोडी रेघ दिसली की पान खुडून चुलीत.
कापायची ती बाहेरची पानं,
गाभ्याला हात लावायचा नाही.
कढईत देठ आधी, पान मागून, वर खवलेला नारळ.
"तांबडी भाजी मातीत लोळवल्यासारखी लागते,"
असं म्हणत सुभद्राने दुसऱ्यांदा वाढून घेतली.

शिगमा सरला, ऊन चढलं.
जुन्या साडीचं छप्पर केलं, तरी पानं आखडली, कडवटली.
फुलावर आलीच नाहीत.
बी धरायला म्हणे खरी थंडी लागते.
ती आमच्याकडे जानेवारीत चार पहाटे येते,
शाल सापडेपर्यंत निघून जाते.

एप्रिलात गडग्यावर एक जुडी,
केळीच्या सोपाने बांधलेली. पानं सुपाएवढी.
वाकून पाहिलं:
नीरफणसाच्या सावलीत, न्हाणीच्या पाटाला लागून,
वेड्यावाकड्या रांगेत माझीच झाडं,
दोन-दोन, एकमेकांना टेकलेली.
पिएदादबाय कपडे वाळत घालत होती.
"पडली होती," म्हणाली, "मी नुसती उभी केली."

घरात येऊन सगुणला फोन लावला.
तिकडे उजाडलंही नसावं.
"कोण गेलं?" झोपेतच त्याने विचारलं.
"कुणी नाही रे," म्हटलं.
"भाजी आली आहे."