टिंब

तिसरं सेमिस्टर संपलं. सुट्टीत आता कोणती शिकू?
प्रॅक्टिकलच्या वहीच्या मागच्या पानावर
मी चार नावं लिहिली आणि पुढे जागा सोडली,
स्थळांची यादी करतात तशी.

सी येते मला. म्हणजे तिच्याशी बोलता येतं.
ती उत्तर द्यायला बांधील नसते.

झंखना म्हणाली, पायथन कर ने,
स्वभावानं गरीब आहे, काही मनावर घेत नाही.
मयंकभाई, ज्याला पुण्यात नोकरी लागली
आणि तेव्हापासून जो फतेगंजच्या गाडीवर
सेव-उसळ खाताना मांडीवर रुमाल पसरतो,
तो म्हणाला, जावा. बँका जावावर चालतात.
घराणं बघ, घराणं.
वैद्य मॅडम म्हणाल्या, भाषेचं काही नसतं, लॉजिक पक्कं हवं.
हे त्या सगळ्यांना सांगतात.
कँटीनवाल्यालाही सांगितलंय.

चौथं नाव रस्ट. ते कुणीच सुचवलं नव्हतं.
आईनं वाचलं, म्हणाली, रस्ट म्हणजे गंजच ना गं?
पैसे भरून गंज कशाला शिकतेस?

बाबा मकरपुऱ्याहून आले तेव्हा साडेअकरा झाले होते.
शर्टाला कूलंटचा तो आंबूस वास,
जो साबणानं जात नाही, रविवारी थोडा कमी होतो.
ताट पुढे ओढता ओढता त्यांनी वही वाचली
आणि डाव्या हातानं माझं पेन घेतलं.

जी शून्य शून्य, एक्स पन्नास.
एवढंच लिहिलं. वाच, म्हणाले.

एक्स पन्नासवर जा, मी म्हटलं. झपकन.

कुठल्या पन्नासवर?
पन्नासपुढे टिंब दिलं तर पन्नास मिलिमीटर.
नाही दिलं तर मशीनला वाटतं पन्नास मायक्रॉन.
केसाहून बारीक.
टूल थेट मधोमध येतं, आणि मध्ये जॉब फिरत असतो.

मग?

मग काय. भातावर वरण घेतलं त्यांनी.
तू दुसरीत होतीस. त्या दिवाळीला
तुला फ्रॉक नव्हता बघ, आठवतं?

मला फ्रॉक आठवत नव्हता.
आठवत होता तो सोनेरी, तीन कोपऱ्यांचा तुकडा,
एक कोपरा उडालेला,
जो घेऊन मी अंगणात लंगडी खेळायचे
आणि जो आईनं एकदाच, काही न बोलता,
माझ्या हातातून काढून घेतला होता.

तुझ्या भाषांत चुकलं तर काय मोडतं?
त्यांनी असं विचारलं, जसं भाजीवाल्याला विचारतात,
आजची आहे का कालची.

मी सांगायला लागले.
सीमध्ये चुकलं तर कधीकधी कळतच नाही, चालत राहतं.
पायथन चालता चालता मध्येच थांबते, तिथवर गोड बोलते.
जावा पानभर कारणं देते.
आणि ही चौथी, म्हणतात,
आधी पुढेच जाऊ देत नाही. हटकते.
हे कुणाचं, ते कुणाकडे दिलंस,
दिलंस तर आता परत कसं मागतेस.

भांडखोर आहे, बाबा म्हणाले.
त्यांच्या तोंडून हे कौतुक होतं की काय, कळेना.
आम्ही नवीन प्रोग्रॅम आधी हवेत चालवतो,
जॉब न लावता. टूल नुसतं हवेत फिरतं.
बघणाऱ्याला वाटतं, येडा झालाय हा.

मग ते हात धुवायला उठले
आणि मोरीतून म्हणाले, पण नोकरी लागेल ना तिच्यावर?
मी म्हटलं, माहीत नाही.
नळ थोडा वेळ चालूच राहिला.

एक वाजता मी डाउनलोड लावलं.
चार ओळी लिहिल्या, साध्या,
एका चलाचं मूल्य दुसऱ्याला दिलं
आणि पहिल्याला पुन्हा हाक मारली.
लाल अक्षरं आली. अकराव्या मिनिटाला पुन्हा आली.
बाबा आतून घोरत होते.

काही मोडलं नव्हतं.

सकाळी वही बघितली तर त्या पन्नासपुढे
कुणीतरी टिंब दिलं होतं,
जोरात. कागदाला भोक पडलं होतं.